तेवढा हप्ता भरून टाका

साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात. सातारकराला हे शाळेत नाव घालायच्या आधीच माहीत असतं. मलाही होतं. तरीसुद्धा, ज्या कारखान्याच्या अकाउंट्समध्ये माझी उमेदीची वर्षं गेली त्या कारखान्यानं पन्नाशीच्या आसपास माझ्या हातावर स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला (त्यातली स्वेच्छा कारखान्याची आणि निवृत्ती माझी), आणि आता करायचं काय म्हणून मी आयुर्विम्याचा एजंट व्हायचं ठरवलं, तेव्हा एवढी ढळढळीत गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली नाही, हे कोडं अजून सुटलेलं नाही. ज्या गावात दारावरच्या पाट्यांवर नावाखाली 'सेवानिवृत्त' लिहायची पद्धत आहे, जिथं संध्याकाळी 'चार भिंती' या ठिकाणी फिरायला निघालेली मंडळी माझ्यासारख्या टक्कल पडलेल्या माणसाला 'ए पोरा, जरा कडेला हो' म्हणतात, तिथं दारोदार हिंडून मी सांगणार होतो की माणसानं तरुणपणीच तरतूद करून ठेवावी. त्यात कंपनीचा नियम असा, की साठी-पासष्टी उलटली की टर्म प्लॅन देता येत नाही. आणि साठीच्या आतला सातारकर पुण्यात असतो.

मला या धंद्यात ओढणारा मॅनेजर माझ्या मुलाच्या वयाचा होता. एप्रिलच्या उन्हात टाय लावून पोवई नाक्यावर हसतमुख उभा राहू शकणारा हा पोरगा आयुष्यात पुढं जाणार, हे मी तेव्हाच ओळखलं होतं. तो गेलाही. दिवाळीच्या आत दुसऱ्या कंपनीत गेला. पण जायच्या आधी त्यानं मला शंभर ओळखीच्या माणसांची यादी करायला लावली. नव्या एजंटाचा श्रीगणेशा या यादीनंच होतो. मुलीच्या लग्नात आहेर लिहून घेतलेली वही माळ्यावरून काढून, मी रात्र जागवून ती यादी केली आणि सकाळी चहाबरोबर बायकोला दाखवली. तिनं चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "यातले निम्मे आपल्याशी बोलत नाहीत. उरलेल्यांनीही बोलू नये असं वाटतंय का तुम्हाला?"

ती कशी बरोबर होती, हे पुढं येईलच.

एजंट व्हायचं तर आधी २५ तासांचं प्रशिक्षण आणि मग कॉम्प्युटरवर परीक्षा. ५० प्रश्न, तासाभराचा वेळ, ३५ टक्क्यांना पास. बरोबरची पोरं एकमेकांच्या स्क्रीनकडे न बघता अर्ध्या तासात उठून गेली, कारण ३५ टक्क्यांसाठी कुणी अभ्यास करत नसतं. मी केला. मॅट्रिकला केला नव्हता एवढा केला. पुस्तकातला इतिहासाचा धडा तर मला इतका आवडला, की आजही झोपेतून उठवून विचारलंत तर घडाघडा म्हणून दाखवीन: १८१८ साली कोलकात्याला ओरिएंटल लाइफ निघाली, त्या काळच्या गोऱ्या कंपन्या एतद्देशीय माणसाचा विमा घ्यायला नाखूष असत आणि घेतलाच तर हप्ता वाढवून लावत, मग १८७० मध्ये आपल्या मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिनं सगळ्यांना एकच दर लावला, पुढं जानेवारी १९५६ मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचा सगळा कारभार सरकारकडे घेतला, आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला २४५ कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून एलआयसी उभी राहिली, शेवटी १९९९ मध्ये नवा कायदा होऊन २००० सालापासून खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडलं. त्या दारातून आत आलेल्यांपैकी एक आमची कंपनी. तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्ही 'म्हणजे एलआयसीच ना?' असंच विचाराल.

आता माणसानं परीक्षेपुरतं शिकलेलं परीक्षेत सोडून यावं. मी हा इतिहास बरोबर घेऊन पहिल्यांदा गेलो साडूकडे, कारण यादीत पहिलं नाव त्याचं होतं. सोफ्यावर बसून १८१८ पासून सुरुवात केली. साडू आधी पेपर वाचत होता, १८७० ला त्यानं पेपर खाली ठेवला, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला तिथं मी पोचलो तेव्हा तर त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही भारावलो होतो. एवढा परिणाम झालेला बघून मी प्रपोजल फॉर्म काढायचा सोडून आणखी दहा मिनिटं बोललो. निघताना साडूनं माझा हात हातात घेतला, म्हणाला, "डोळे उघडलेस बघ. विमा पाहिजे म्हणजे पाहिजेच." आणि त्याच आठवड्यात त्यानं पॉलिसी घेतली.

एलआयसीची.

"अरे, देशमुखांच्या वेळेपासूनची कंपनी," तो मला समजावून सांगत होता, "तूच नाही का सांगितलंस?"

तेव्हापासून मी रंगीत तालीम करायला लागलो. पोवई नाक्याजवळ एक चहाचा गाडा होता. गाड्यावरचे अण्णा मितभाषी, गिऱ्हाईक सकाळी अकरानंतर तुरळक, आणि त्यांचा दहावीतला पोरगा शाळा सुटली की तिथंच कट्ट्यावर वही घेऊन बसायचा. मी कटिंग घ्यायचो आणि आज ज्याच्याकडे जायचं त्याच्याशी काय बोलायचं, ते अण्णांशी बोलून बघायचो. अण्णा गाळणी झटकत 'हं' म्हणायचे. पोरगा मात्र ऐकायचा. एकदा मी ग्रेस पिरियड सांगताना महिन्याच्या हप्त्याला ३० दिवस म्हणालो, तर वहीतून मान वर न काढता तो म्हणाला, "काका, महिन्याच्याला १५. सहामाही-वार्षिकला ३०. कालच तर तुम्ही सांगितलं."

तालमीचा फायदा एवढाच झाला, की मी चांगलं बोलायला लागलो. चांगलं बोललं की लोक विमा घेतात, हेही मी हळूहळू सिद्ध केलं. फक्त ते कुणाचा घेतात यावर माझं नियंत्रण राहिलं नाही.

इथं कायद्याची थोडी भानगड आहे, ती कानावर घालतो. आमच्यासारख्या साध्या एजंटाला आयुर्विम्याची एकच कंपनी विकता येते. जोडीला हवी तर वाहनबिहनांच्या विम्याची एक आणि आरोग्य विम्याची एक. पण आयुष्याच्या बाबतीत एकीशी लग्न लागलं की लागलं, दुसरीचं नुसतं पत्रकही बॅगेत ठेवायचं नाही. ब्रोकरला हे बंधन नाही, तो कुणाचंही विकतो. आणि बँकेनं विमा विकायचा म्हटला तर तिला आधी तीन कंपन्यांची मुभा होती, २०२२ पासून नऊ झाल्या. म्हणजे मी सदाशिव पेठेत तीन जिने चढून, कुत्र्याला चुकवून, घामाघूम होऊन माझ्या एकुलत्या एका कंपनीचे गुण गात असतो, आणि खाली बँकेत एअर कंडिशनरमध्ये बसलेली मुलगी नऊ जणींचे फोटो पुढ्यात टाकून 'सर, यातली कोणती आवडते?' असं विचारत असते. नऊ विरुद्ध एक, अशी ही लढाई.

मेव्हण्याचंच घ्या. तो आयटीत, हिंजवडीला. तरुण, पगारदार, दोन पोरं, घराचं कर्ज. एजंटानं देवाकडे मागावं असं गिऱ्हाईक. गणपतीला घरी आला तेव्हा आरतीनंतर त्याला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं: कर्ज डोक्यावर आहे, उद्या काही झालं तर बहिणीची बहीण... म्हणजे, तुझी बायको कुठं जाईल, वगैरे. तो गंभीर झाला. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि सगळ्या कंपन्यांचे हप्ते एका खाली एक दाखवणारं काहीतरी उघडलं. एक कोटीचं कव्हर, वय अमुक, तंबाखू नाही. आमची कंपनी सापडेपर्यंत त्याला स्क्रीन बराच वेळ बोटानं वर ढकलावी लागली. सापडल्यावर आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"दाजी," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही माझ्या जागी असता तर?"

आता खरा सेल्समन असता तर त्यानं क्लेम, सेवा, आपला हक्काचा माणूस, असं काहीतरी काढलं असतं. मी मोदक खाल्ला. त्यानंतर काही दिवसांनी रात्री अकराला त्याचा फोन आला: फॉर्म ऑनलाइन भरतोय, तंबाखूच्या रकान्यात काय लिहू, मित्रांबरोबर कधीमधी एखादी सिगारेट होते. मी अंथरुणात उठून बसलो आणि पोटतिडकीनं सांगितलं, की बाबा, खरं लिही, हप्ता चार पैसे जास्त बसेल पण खरंच लिही. विमा कायद्याचं कलम ४५ म्हणतं की तीन वर्षं उलटल्यावर कंपनीला पॉलिसीवर शंका काढता येत नाही, पण त्याच्या आत लपवाछपवी सापडली तर बायकापोरांना कागद हातात घेऊन फिरावं लागेल. मग नॉमिनीचं सांगितलं, मग वैद्यकीय तपासणीचं. शेवटचं बटण दाबलं तेव्हा पाऊण वाजला होता. दुसऱ्या कुणाच्या तरी कंपनीची एक कोटीची पॉलिसी मी अंथरुणातून, पंखा बंद करून, अशी बिनचूक विकून दिली. तिचं कमिशन कुणाही एजंटाला मिळालं नाही, हा त्यातला दिलासा.

यादीतल्या इतर घरांतून मी अगदीच रिकाम्या हातानं आलो असंही नाही. बहुतेक ठिकाणी चहा झाला, पोहे झाले, माझं सगळं ऐकून घेतलं गेलं, आणि मग काकू आत जाऊन पिशवी घेऊन आल्या. "आमचं एलआयसीचं आहे हो सगळं. तुम्ही त्याच लाइनीतले ना? मग तेवढा हप्ता भरून टाका जाता जाता. यांचे गुडघे दुखतात." आधी एका काकूंचा भरला. त्यांनी मैत्रिणीला सांगितलं. मग परिस्थिती अशी आली, की कधी कधी एलआयसीच्या खिडकीसमोरच्या रांगेत मी परक्या पॉलिसींच्या नोटिसा आणि रबर लावलेल्या नोटा घेऊन उभा असायचो, आणि तिथले मुरलेले एजंट मला ओळखीचं हसून पुढं सरकायला जागा द्यायचे. त्यातल्या एकानं मला फार आपुलकीनं विचारलं होतं, की तुमची ब्रँच कुठली. मी विषय पावसावर नेला.

मग नवा मॅनेजर आला. हा टाय लावत नव्हता, पण नकाशा घेऊन आला होता. त्यानं साताऱ्याभोवती लाल पेननं गोल काढला आणि म्हणाला, "सर, तुम्ही सोन्याच्या खाणीवर बसलाय! एवढे सीनिअर सिटिझन! यांना टर्म प्लॅन कशाला दाखवता? ॲन्युइटी विका. एकरकमी पैसे घ्यायचे, जन्मभर पेन्शन द्यायची." मला एकदम प्रकाश पडल्यासारखं झालं. इतके दिवस मी पेन्शनरांना मरणानंतरचे पैसे दाखवत होतो. त्यांना हवे होते जगण्याचे. छापील पत्रकं घेऊन मी थेट गेलो शनिवार पेठेतल्या एका आजोबांकडे, जे ट्रेझरीतून निवृत्त झालेले होते आणि ज्यांच्याकडे, गावात सगळे सांगत, भरपूर ठेवी होत्या.

ट्रेझरीतून, हा तपशील मी नीट ऐकायला हवा होता. ज्या माणसानं नोकरीभर दुसऱ्यांच्या पेन्शनची बिलं तपासली, त्याच्यासमोर मी पेन्शनचं पत्रक उलगडलं. त्यांनी ते भिंगातून वाचलं. मग भिंग खाली ठेवलं.

"यात महागाई भत्ता कितीदा वाढतो?"

वाढत नाही, म्हटलं. पहिल्या महिन्याला जेवढी, तेवढीच कायम.

"ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शन वाढते?"

नाही.

"मी निवृत्त झालो तेव्हा पेन्शनचा काही भाग विकला होता," ते म्हणाले. "सरकारला. एकरकमी पैसे घेतले. पंधरा वर्षांनी नियमाप्रमाणे तो भाग मला परत चालू झाला, फुकट. आणि तुम्ही म्हणताय की आता मी एकरकमी पैसे द्यायचे आणि पेन्शन विकत घ्यायची?" त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं, बाहेर ये जरा. पेन्शनराला पेन्शन विकायला आलेत!"

आजी बाहेर आल्या. शेजारचे दोन पेन्शनर आले. मी तीच योजना पुन्हा सांगावी अशी फर्माईश झाली आणि, खोटं कशाला सांगू, मी सांगितली. मला वाटतं त्या दुपारी शनिवार पेठेतल्या काही माणसांचं आयुष्य हसून हसून वाढलं असेल, आणि ॲन्युइटी विकणाऱ्या कंपनीला याच्याइतकं तोट्याचं काही नाही.

अपशिंग्याचा प्रयोग त्याहून शूर होता. हे साताऱ्याजवळचं गाव, त्याला अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात, घरटी कुणी ना कुणी फौजेत. नकाशावर लाल गोल याच्याभोवतीही होता. गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचं स्मारक आहे. त्याच्यावरून पुढं जाऊन, एका निवृत्त सुभेदारसाहेबांच्या ओट्यावर बसून, मी त्यांना माणसाच्या आयुष्याचा काही भरवसा नसतो हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. ते सीमेवर राहून आलेले, मी अकाउंट्समधून. मग म्हणाले, "आम्हाला फौजेचाच ग्रुप इन्शुरन्स असतो. पोरगाही भरती झालाय, त्यालाही आहे. तुमचा आहे का?" म्हटलं, आहे थोडा. "मग ठीक," ते म्हणाले, आणि माझी काळजी मिटल्यासारखं त्यांनी मला ताक दिलं. निघताना फक्त विचारलं, की मोबाइलवर हयातीचा दाखला निघतो म्हणतात, जमेल का.

आणि इथं माझ्या कारकिर्दीला खरं वळण लागलं. पेन्शनरानं दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून तो डिजिटल झाला, आता तर बोटाचे ठसे झिजलेल्यांसाठी फोनच्या कॅमेऱ्यानं चेहरा ओळखूनही काम होतं. फोन समोर धरायचा, तो सांगेल तेव्हा डोळे मिचकवायचे, झालं. सुभेदारसाहेब फोनसमोर ताठ बसले. फोन म्हणाला, पापण्या मिटा. सुभेदारसाहेब बघत राहिले. मी म्हटलं, साहेब, मिचकवा. ते म्हणाले, मिचकवले. फोनला काही दिसलं नव्हतं. मलाही नाही. बर्फात रात्र रात्र पापणी न लववता पहारा केलेला माणूस तो. मोबाइलसमोर डोळे मिटणं त्यांच्या शिस्तीतच बसेना. शेवटी त्यांच्या नातीनं समोरून 'भॉ' केलं तेव्हा कुठं जमलं. तोपर्यंत सरकारला त्यांच्या हयातीचा काही पुरावा नव्हता.

ही बातमी पसरली. आता नोव्हेंबर आला की माझा फोन थांबत नाही. माणूस मेल्यावर उपयोगी पडायचं म्हणून निघालेला मी, गावभर माणसं जिवंत असल्याचे दाखले काढत हिंडतो. विनामूल्य.

मार्चमध्ये पूर्वी थोडी चंगळ असायची. पगारदार मंडळी वर्षभर रस्ता ओलांडून पलीकडे जायची तीच वीस मार्चनंतर स्वतः फोन करायची, ८० सीमध्ये दीड लाखाला किती कमी पडतात ते सांगायची, आणि पॉलिसीत काय आहे हे न विचारता सही करायची. मग नवी कर प्रणाली आली, त्यात ही वजावट नाही, आणि २०२३ पासून आपसूक तीच लागू व्हायला लागली. आता मार्चमध्येही लोक रस्ता ओलांडतात.

मोती चौकातल्या एका कापडवाल्यांना मात्र खरंच विमा हवा होता. सगळं ठरलं, फॉर्म भरला, तपासणीचा दिवस ठरला, आणि ते म्हणाले, "पहिला हप्ता तुम्ही भरून टाका." मला वाटलं गुडघे दुखतात. पण नाही, पहिल्या वर्षाच्या कमिशनमधून तेवढा तुम्हीच भरायचा, असा त्यांचा हिशेब. मी ताठ झालो. त्यांना सांगितलं, की कलम ४१ प्रमाणे कमिशनमधून सूट देणं हा गुन्हा आहे, दंड दहा लाखांपर्यंत, आणि नुसता देणाऱ्याला नाही, घेणाऱ्यालाही. ते मनापासून दुखावले. "अहो, मी काय लाच मागतोय? डिस्काउंट मागतोय. तुम्ही मागच्या दिवाळीला शर्टपीस घेतलात तेव्हा दिला नव्हता का मी?" दिला होता. त्या क्षणी मी तोच शर्ट घातलेला होता. पॉलिसी पुढं त्यांनी घेतली. कुणाकडून आणि पहिला हप्ता कुणी भरला, ते मी विचारलं नाही. शर्ट मात्र त्यानंतर बरेच दिवस घातला नाही.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग सोडत का नाही. बायकोही म्हणते. त्याचं असं आहे, की हा धंदा माणसाला आतल्या खोलीत नेतो. प्रपोजल फॉर्मवर लोकांना खरं वय, खरं वजन, खरे आजार लिहावे लागतात, आणि ते माझ्यासमोर लिहितात. कुणाची शुगर बायकोला ठाऊक नाही, कोणत्या वहिनी नवऱ्यापेक्षा दीड वर्षानं मोठ्या आहेत, कोणत्या भावानं नॉमिनी म्हणून बायकोऐवजी धाकट्या भावाचं नाव घातलंय, हे सगळं पोटात घेऊन मी लग्नाच्या पंगतीत बसतो. समोर शुगरवाले काका तिसरी जिलबी वाढून घेतात आणि माझ्याकडे बघतात. मी पापडाकडे बघतो. असला दबदबा मला कारखान्यात कधी मिळाला नव्हता. शिवाय ज्या थोड्या पॉलिसी विकल्या गेल्या, त्यांचे हप्ते येत राहतात तोवर दरवर्षी थोडं थोडं कमिशनही येतं. पाच-सात टक्के, पण न सांगता, आपल्या पायांनी बँकेत येतं. माझ्या नात्यात असं दुसरं कुणी नाही.

आणि अण्णा. एका दुपारी मी गाड्यावर उद्याच्या घरासाठी तालीम करत असताना, एरवी फक्त 'हं' म्हणणारे अण्णा फडक्याला हात पुसत म्हणाले, "रोज ऐकतोय तुमचं. ज्याला सांगायला जाता त्यांना पटतं का माहीत नाही, मला पटलं. माझा काढा." मी दचकलो. त्यांना विकायचं माझ्या मनातच नव्हतं, ते माझं तालमीचं ठिकाण होतं. छोटीशी पॉलिसी, सहामाही हप्ता. तो ते चिल्लर आणि दहाच्या नोटा मिळून द्यायचे, एकदाही आठवण करावी लागली नाही. अपवाद एका पावसाळ्याचा. तारीख उलटून गेली, आणि गाड्यावर उभं राहून चहा पिता पिता पैसे मागायला माझी जीभ रेटेना. उद्या विचारू म्हणत राहिलो. एके सकाळी गाडा बंद होता. हार्ट अटॅक.

मी घरी येऊन हात कापत असताना तारखा मोजल्या. सहामाही हप्ता, ३० दिवसांची सवलत, त्यातले काही दिवस शिल्लक होते. त्या काळात काही झालं तर पॉलिसी चालू धरतात, फक्त राहिलेला हप्ता रकमेतून कापून घेतात. हे परीक्षेत होतं, पोरानं मला गाड्यावर सुधारलंही होतं, तरी मी पुस्तक काढून तीनदा वाचलं. मग नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला, बॉण्ड, आधार, रद्द केलेला चेक, सगळं मी आणि पोरगा मिळून गोळा करत हिंडलो. एकाही कागदात चूक निघाली नाही. त्याचं श्रेय पोराला, तो प्रत्येक कागद माझ्या हातून घेऊन आधी स्वतः बघत होता.

पैसे खात्यात जमा झाले त्या दिवशी वहिनींनी मला बोलावून घेतलं. "दादा, यातले तुमचे किती?"

म्हटलं, क्लेमवर एजंटाला काही नसतं.

"काहीच नाही?"

काहीच नाही.

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "मग हे कशापायी करता?" त्यांनी विचारलं. त्या आवाजात आदर नव्हता, काळजी होती. उत्तर न सुचून मी विचारलं, की तुमची एखादी पॉलिसी काढायची का. त्यांनी चहा टाकला.

पोरगा पुढं बी.कॉम. झाला. मागच्या महिन्यात एका रविवारी तो घरी आला, इस्त्रीचा शर्ट, बॅग, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मला वाटलं पेढे घेऊन आलाय. बॅगेतून पत्रकं निघाली. एजंट झाला होता, एलआयसीचा. मग तो समोर बसला आणि १८१८ पासून सुरुवात केली. बॉम्बे म्युच्युअल आली, चिंतामणराव देशमुख आले, राजीनामा आला. मी जिथं थांबायचो तिथंच थांबत होता, जिथं आवाज खाली आणायचो तिथंच आणत होता. फक्त माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तो पुढं बोलत बसला नाही. त्यानं फॉर्म काढला.

"काका, सगळ्या साताऱ्याला पेन्शन आहे. तुम्हाला किती?"

पीएफची मिळेल तेवढी. दूध आणि पेपर निघेल. हे मी स्वतःला कधी मोठ्यानं सांगितलं नव्हतं. ॲन्युइटीच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन शनिवार पेठ पालथी घातली, अपशिंगे केलं, आणि त्या गठ्ठ्याचं गावातलं एकमेव गिऱ्हाईक रोज सकाळी आरशात दाढी करत होतं.

"पण बाळा," मी म्हटलं, "मी त्या कंपनीचा एजंट. तुझ्याकडून कसा घेऊ?"

"काका, विकायची एकच, असा नियम आहे. घ्यायला कुणी अडवलंय?" त्यानं फॉर्म माझ्याकडे सरकवला. "हप्त्याहप्त्यानं भरायची आहे. पेन्शन साठीनंतर चालू. नॉमिनी काकूच ना?"

मी खूप वेळ पत्रक वाचण्याचं नाटक केलं. मग, गावभर ज्यांनी ज्यांनी मला हे ऐकवलं होतं त्या सगळ्यांच्या वतीनं, घसा साफ करून म्हणालो, "तेवढा पहिला हप्ता तू भरून टाकशील?"

"कलम ४१, काका," तो पेनाचं टोपण काढत म्हणाला. "दहा लाख. घेणाऱ्यालाही."

मी सही केली. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "चला! या घरात एकदाची एक पॉलिसी विकली गेली."